भरवशाची म्हैस

सहाशे चाळीस पौंड.
बँकेच्या ॲपात एक वेगळा कप्पा केला होता,
त्याला नाव दिलं 'चढ'.
भरायला अकरा महिने लागले.

शेफील्डात सपाट काय असेल तर सुरीचं पातं.
ब्लेक स्ट्रीटवर पायी जाणाऱ्यांसाठी
लोखंडी कठडा बसवलाय, जिन्याला असतो तसा.
माझी पहिली म्हातारी त्याच्या वर,
दुसरी खाली,
तिसरी परत वर.
प्रत्येकीच्या अर्ध्या तासाचे पैसे मिळतात.
मधल्या चढाचे कुणी देत नाही.

रुतेंडोने गेल्या साली घेतली होती,
साडेतीनशेला, घरपोच, पुठ्ठ्याच्या खोक्यात.
आठ आठवडे वाऱ्यासारखी पळाली.
नवव्यात क्रुक्सच्या चढावर, गारांच्या माऱ्यात,
बसली ती बसलीच.
आधी कंपनीचा फोन लागेना, मग कंपनीच सापडेना.
"मग?"
"मग काय. ढकलली. सव्वीस किलो.
वर जाऊन आजोबांना आंघोळ घातली."
मी तिला आमची म्हण सांगितली,
भरवशाच्या म्हशीला टोणगा.
इतकी हसली की स्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली.

मी तीन शनिवार हिंडले.

पहिलं दुकान काचेचं. तीन हजाराची सायकल,
पडदा, नकाशा, फोनशी लगीन लावलेली.
मी विचारलं, पंक्चर झालं तर मागचं चाक कसं निघतं?
पोरगा म्हणाला, बघून सांगतो.
अजून बघतोय.

दुसरा एका गॅरेजात. दर चांगला होता.
चार्जरवर कसलाच शिक्का नव्हता.
"गरम होतो थोडा, ते चालतंच."
आमच्या जिन्याला खाली एकच दार आहे,
वरच्या खोलीत दोन लहान मुलं झोपतात.
मी चालत घरी आले.

तिसरा ऑलरेनशॉ, विकरच्या कमानीखाली.
तीस वर्षं कात्र्या घडवल्या, आता जुन्या सायकली उघडून परत जोडतो.
म्हणाला, मोटर काय, कुणीही बनवतं.
बॅटरी कुणाची ते विचार.
किती वेळा भरली ते विचार.
आणि मी मेल्यावर सुटे भाग कोण देणार, तेही विचार.
मी विचारलं.
तो बराच वेळ चिंध्यांना हात पुसत राहिला.
"बहुतेक माझी पुतणी," म्हणाला.

माझे वडील इचलकरंजीत मागावर होते.
दारातूनच सांगायचे कुठला पट्टा सैल झालाय.
मी मागचं चाक उचललं, पॅडल मारलं, कान लावला.
खाली कुठेतरी बारीक किरकिर.
"आली ऐकू?"
मी मान हलवली.
त्याने दहा पौंड कमी केले आणि बेअरिंग बदललं.
उलट करायला हवं होतं खरं तर,
पण मी काही बोलले नाही.

हिरवी आहे. एका बाजूने रंग उडालाय.
पॅडल मारावंच लागतं, ती फक्त
पाठीवर हात ठेवते.
रात्री बॅटरी काढून तीन जिने वर आणते,
कडेवर घेऊन; मुलीच्या जन्मवजनापेक्षा
थोडी जड.
मी जागी आहे तोवरच चार्ज करते.
झोपताना वायर काढून ठेवते.

सोमवारी पावणेसातला मिसेस हिंचलिफच्या दाराशी.
त्यांना आता दिसत नाही.
चार वर्षं मी आत शिरले की म्हणायच्या,
बस गं, आधी दम खा.
मी किल्ली फिरवली, आत गेले, पडदे सारले.
पलंगावरून घाबरा आवाज आला,
"कोण आहे?"

नाव सांगायच्या आधी
मी दोनचार श्वास
जोरात घेतले.